सासऱ्यांची रिकामी पेटी

"चोवीस तासांत विकून दाखवतो!" असं व्हर्लिन टोलेफसनने बायकोला जाहीर केलं, तेव्हा त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर गोठलेल्या मटारांची पिशवी ठेवलेली होती.

अंगठा पेटीनेच सुजवला होता. लाव्होनचे वडील ओझी ब्रँडवोल्ड यांची ती बंदुकीची पेटी. जाड तपकिरी चामडं, पितळी कड्या, बावन्न इंच लांबी, अकरा पौंड वजन. म्हातारबुवा गेले, त्यांची बंदूक मेहुण्याबरोबर ॲरिझोनाला गेली आणि पेटी मात्र व्हर्लिनच्या वाट्याला आली. ती कोटांच्या कपाटात उभी असायची. कोट काढायला दार उघडलं की दाणकन पायावर! बारा वर्षांत सतरा वेळा. हा आकडा अंदाजाने सांगितलेला नाही. व्हर्लिनने टॅमरॅक फॉल्सच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. तो अंदाजाने काही सांगतच नसे.

"विकून टाक एकदाची," लाव्होन गाडीत सामान ठेवत म्हणाली. ती दोन दिवसांसाठी बहिणीकडे निघाली होती. "माझ्याच त्या ऑनलाइन बाजारातल्या खात्यावरून विक. तू स्वतःचं खातं उघडायला बसलास तर अटी वाचण्यात हिवाळा संपेल. पण व्हर्लिन, नीट ऐक. त्या खात्याला काही झालं ना, तर मी बहिणीकडेच राहीन. कायमची."

"अगं, मी शास्त्राचा माणूस आहे!"

"म्हणून तर सांगतेय."

त्या खात्याची थोरवी सांगायला हवी. लाव्होन कुत्र्यांचे स्वेटर विणायची. भडक नारिंगी. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला, की जे नारिंगी नाही ते हरीण असं समजणारी मंडळीही रानात उतरतात. तेव्हा शहाणा माणूस आधी कुत्र्याला स्वेटर घालतो आणि मग दार उघडतो. अकरा वर्षं लाव्होन त्या ऑनलाइन बाजारात स्वेटर विकत होती. एक हजार तीनशे बारा ग्राहकांनी तिला पाचपैकी पाच तारे दिले होते. एकही तारा कमी नाही, एकही तक्रार नाही. हंगाम पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी उघडणार होता, म्हणजे तिच्या वर्षाचा सगळा धंदा याच आठ दिवसांत व्हायचा होता.

तिची गाडी वळणाआड गेली आणि व्हर्लिनने पहिली जाहिरात टाकली. 'बंदुकीची जुनी पेटी, उत्तम स्थितीत.'

चार मिनिटांत जाहिरात गायब! तिच्या जागी लाल चौकटीत मजकूर आला: 'या बाजारात हत्यारं, हत्यारांचे सुटे भाग आणि हत्यारांसोबत वापरायच्या वस्तू विकता येत नाहीत. ही शेवटची ताकीद समजावी. या खात्याविरुद्ध कोणाही ग्राहकाची एक जरी तक्रार आली, तरी खातं कायमचं बंद होईल.'

व्हर्लिनच्या अंगठ्यावरचे मटार खाली पडले.

पण घाबरून गप्प बसेल तो शास्त्राचा माणूस कसला! त्याने बाजाराचे सगळे नियम छापून घेतले. एकतीस पानं. पेन्सिल घेतली, पट्टी घेतली, ओळीखाली ओळ मारत दुपारपर्यंत वाचलं आणि निष्कर्ष काढला: पेटीत बंदूक नाही, जाहिरातीत बंदुकीचं नाव नाही, तर मग ती नुसती पेटी. यात चूक कुठे आहे? त्याने जुन्या वस्तूंच्या सूचीत तशाच पेटीची किंमत पाहिली आणि नवी जाहिरात लिहिली:

'चामड्याची लांब पेटी. ५२ इंच. माझे सासरे ओझी ब्रँडवोल्ड यांची. पूर्णपणे रिकामी! आत काहीही नाही! किंमत ३४० डॉलर.'

पाच मिनिटं झाली, दहा झाली, जाहिरात टिकली. व्हर्लिनने स्वतःलाच एक बिस्किट दिलं.

आता, व्हर्लिनला ठाऊक नसलेली आणि टॅमरॅक फॉल्समध्ये दात न आलेल्या मुलांनाही ठाऊक असलेली एक गोष्ट तुम्हाला इथेच सांगून ठेवतो. बाजाराने बंदुकीच्या वस्तूंवर बंदी घातल्यापासून या भागातले लोक तिथे फक्त 'रिकामी पेटी' विकतात. पंधरा-वीस डॉलरची पेटी चारशेला लावायची आणि 'रिकामी' हा शब्द जरा जोरात लिहायचा. समजणारा समजतो. पेटी जितकी जोरात रिकामी, तितका आतला माल उत्तम!

व्हर्लिनला हे कळणार कुठून? तो शिकारच करत नसे. अख्खं गाव रानात जायचं तेव्हा हा घरी शब्दकोडं सोडवायचा. चीजवर जगणाऱ्या त्या मुलखात, चीज न पचणाऱ्या माणसाकडे पाहावं तशा करुणेने गाव त्याच्याकडे पाहायचं. आणि त्याने नाव कोणाचं लिहिलं होतं? ओझी ब्रँडवोल्डचं! १९६१ साली ओझीने एका गोळीत टिपलेल्या, शिंगांना बावीस टोकं असलेल्या हरणाचं डोकं आजही गावच्या बारमध्ये टांगलेलं आहे, आणि त्याच्याखालून जाताना गडी टोप्या काढतात. त्या हरणाला टिपणारी बंदूक! 'पूर्णपणे रिकामी'! दोन दोन उद्गारचिन्हांसह!

तासाभरात शेहेचाळीस निरोप आले.

'सर, खरंच रिकामी ना?' असं एकाने विचारलं आणि पुढे डोळा मारणारा पिवळा चेहरा काढला.

'पूर्ण रिकामी,' व्हर्लिनने उत्तर दिलं. 'अर्थात आत हवा आहे.'

'हवा कोणत्या सालची, सर?'

'आजचीच. मी सकाळी झाकण उघडलं होतं.'

'वा सर, मानलं तुम्हाला!'

आपले जुने विद्यार्थी एवढे जिज्ञासू निघाले याचा व्हर्लिनला अभिमान वाटला. चौतीस वर्षांचं चीज झालं म्हणायचं!

शनिवारी सकाळी आठला कॉर्की नोव्हॅक पिकअप घेऊन दारात हजर. हा १९९४ च्या वर्गातला. प्रयोगशाळेचं टेबल याच्याच हातून जळालं होतं.

"नोव्हॅक, ये. झाकण उघडून नीट पाहून घे."

"छे छे सर! दारात कशाला उघडायचं?" कॉर्कीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वास वेगळा, निरीक्षण वेगळं. मी वर्गात काय सांगायचो?"

"सर, प्लीज! लोक बघतायत!"

त्याने व्हर्लिनच्या हातात पैसे कोंबले, पेटी तान्ह्या मुलासारखी उचलली, पुढच्या सीटवर आडवी निजवली आणि तिला पट्टासुद्धा बांधला! पिकअप नजरेआड झाला. व्हर्लिनने घड्याळ पाहिलं. जाहिरात टाकून एकोणीस तास. त्याने दुसरं बिस्किट घेतलं.

बिस्किट संपायच्या आत पिकअप परत आला.

"सर, आत काही नाही."

"बरोबर."

"नाही, म्हणजे खरंच काही नाही!"

"मग मी लिहिलं काय होतं?"

"लिहिलं होतं हो! पण असं खरं कोण लिहितं?" कॉर्कीचा आवाज चिरकला. "मी घरी सांगून आलो होतो. माझा बाप भिंतीवर खिळे ठोकून बसलाय, सर! ही सरळ फसवणूक आहे. मी तक्रार करणार!"

'तक्रार' हा शब्द ऐकताच व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे एक हजार तीनशे बारा ग्राहकांचे तारे तटातट तुटून पडले. त्याने पेटी घेऊन पैसे परत केले. वर लाव्होनच्या हातची लोणच्यातल्या पाईक माशाची बरणी दिली. तरी कॉर्की हलेना, तेव्हा दुसरीही दिली.

"पण नोव्हॅक, तुला खटकलं तरी काय? आतलं मखमली अस्तर?"

कॉर्कीने दोन्ही बरण्या काखेत मारल्या. "सर, तुम्ही फार मोठे खेळाडू आहात," एवढंच म्हणून तो निघून गेला.

व्हर्लिनने विचार केला. ग्राहकाचा गैरसमज झाला, म्हणजे वर्णन अपुरं होतं. त्याने लगेच जाहिरातीत भर घातली: 'आत खरोखर काहीही नाही. एका ग्राहकाने घरी नेऊन स्वतः खात्री केली आहे. शंका असणाऱ्यांनी आज अकरा वाजता प्रत्यक्ष यावं.'

पावणेअकराला शेजारचा एल्डन प्रुसाक मागच्या दाराने आत आला. सत्तरीचा, शिकारीत मुरलेला, आणि आता हसून हसून डोळे पुसत असलेला.

"व्हर्लिन, लेका, काय लिहून ठेवलंयस हे? सगळा तालुका तुझ्याकडे निघालाय!"

"पेटी घ्यायला?"

"पेटी? अरे वेड्या, ओझीची बंदूक घ्यायला!" एल्डनने खुर्ची ओढली आणि रिकाम्या पेट्यांचं सगळं शास्त्र त्याला दोन मिनिटांत समजावलं. "पंधरा डॉलर लावले असतेस, तर कुत्रं फिरकलं नसतं. तीनशे चाळीसला रिकामी म्हणजे काय, ते शेंबडं पोरही सांगेल. खरं सांगू? काल मीच तुला निरोप टाकला होता."

"'हवा कोणत्या सालची' ते तू विचारलंस?"

"मग! ओळखू येऊ नये म्हणून 'सर'सुद्धा म्हटलं. आणि तू म्हणालास आजची. मला वाटलं, बंदुकीला तेलपाणी करून ठेवलंय गड्याने."

व्हर्लिनचा चेहरा उजळला. त्याला उत्तर सापडलं होतं! "म्हणजे 'रिकामी' लिहिलं की लोक 'भरलेली' समजतात. मग मी 'भरलेली' लिहिलं, तर ते 'रिकामी' समजतील. चिन्ह बदलायचं, बस!" त्याने फोन उचलला, टंकलंही, आणि बोट बटणावर टेकणार इतक्यात एल्डनने असा काही फटका मारला, की फोन उडून माशाच्या उघड्या बरणीत पडला.

"भरलेली पेटी लिहितोयस? त्या बाजारात? अरे, लाव्होनला तोंड कसं दाखवशील?"

फोन बरणीतून काढून पुसेपर्यंत बाहेर गाड्यांची दारं आपटू लागली होती. खिडकीतून पाहतो तो सात पिकअप, दोन ट्रेलर आणि एक बर्फावरची गाडी! अंगणात वीस-बावीस माणसं, सगळी नारिंगी टोप्यांत, बहुतेक त्याच्याच हाताखालून गेलेली. कॉर्कीसुद्धा आलेला. बरोबर त्याचा बाप, खिशात हातोडी.

"सगळ्यांना घालवून देतो," व्हर्लिन म्हणाला.

"घालव की! बावीस जण घालव, बावीस तक्रारी घे."

आता एकच मार्ग होता. व्हर्लिनने पेटी उचलली, लंगडत ओसरीवर गेला, लाव्होनच्या स्वेटरांची टोपली बाजूला सारली आणि आपला वर्गातला आवाज काढला. "शांतता!"

बावीस टोप्या डोक्यांवरून उतरल्या. सवय ती सवय!

"सगळ्यांनी नीट पाहा. मी झाकण उघडतोय. आत काय दिसतं?"

"काही नाही, सर!" सगळे एका सुरात म्हणाले.

पेटी उलटी करून त्याने ती झटकली. मखमलीचा थोडा भुसा पडला. "आता? काय पडलं?"

"काही नाही, सर!"

"उत्तम. या निरीक्षणावरून आपण काय अनुमान काढतो?"

"बंदूक घरात आहे, सर!"

व्हर्लिनने डोळे मिटले. चौतीस वर्षं! चौतीस वर्षं याच लोकांना त्याने अनुमान कसं काढायचं ते शिकवलं होतं!

"पाचशे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"सहाशे!"

"सातशे!" कॉर्कीच्या बापाने हातोडी वर केली. "सातशे आणि तळ्यावरची माझी मासे धरायची झोपडी! शेगडीसकट!"

"थांबा!" व्हर्लिन किंचाळला. "बंदूक ॲरिझोनात आहे! माझ्या मेहुण्याकडे! बारा वर्षांपासून!"

वर धरलेली हातोडी खाली आली.

"ॲरिझोनात?" कॉर्कीचा बाप हळूच म्हणाला. "जिथे हरणाला लपायला झाड नाही, तिथे?"

"म्हणजे आम्हाला फसवलंत, सर," कॉर्की म्हणाला. त्याने फोन काढला. दुसऱ्याने काढला. मग सगळ्यांनीच काढले. बावीस पडद्यांवर लाव्होनचं खातं, बावीस बोटं 'तक्रार करा' या लाल बटणावर. व्हर्लिनला बहिणीच्या घरी कायमची मुक्कामाला गेलेली लाव्होन दिसू लागली.

तेवढ्यात कोपऱ्यावरून शेरिफच्या ऑफिसची गाडी वळली आणि अंगणासमोर उभी राहिली.

ट्रूडी हॅल्व्हर्स उतरली. ही शेरिफची डेप्युटी, तीही व्हर्लिनचीच विद्यार्थिनी, वर्गात पहिली यायची. बावीस फोन खिशात गेले. गुन्हा कोणी केला नव्हता, पण कोणाच्या ट्रेलरचा दिवा गेलेला, कोणाचा परवाना घरी राहिलेला. डेप्युटी दिसली की या भागातला माणूस आधी सज्जन होतो आणि मग कारण शोधतो.

"सर, बर्फ काढायच्या गाडीला रस्ताच उरला नाहीये. काय चाललंय?"

कॉर्कीची नजर भिरभिरत टोपलीवर पडली. "स्वेटर!" तो ओरडला. "कुत्र्यांचे स्वेटर घ्यायला आलोय!"

"सगळे?"

"सगळे!"

"नोव्हॅक, तुझ्याकडे कुत्रा आहे?"

"शोधतोय," कॉर्की म्हणाला. "स्वेटर मापाचा मिळाला की त्या मापाचा घेणार."

"आणि सातशे कशाचे? मला चौकापर्यंत ऐकू आलं."

"स्वेटरचेच!" एल्डन मध्ये पडला. "अगं, लाव्होनच्या हातचे आहेत!"

ट्रूडीने सरांकडे पाहिलं, उघड्या पेटीकडे पाहिलं, मग नारिंगी टोप्यांच्या त्या सज्जन कळपाकडे पाहिलं. वर्गात पहिली यायची ती उगाच नाही. तिने हाताची घडी घातली. "छान. मग घ्या की. मी थांबते."

बावीस जणांनी बावीस स्वेटर घेतले. व्हर्लिनने प्रत्येकाकडून बरोब्बर बावीस डॉलरच घेतले, एक सेंट जास्त नाही. कॉर्कीच्या बापाला चिवावा कुत्र्याचा स्वेटर आला. तो त्याने निमूटपणे हातोडीला घातला.

"आणि आत्ता सगळ्यांच्या हातात फोन होते, ते मी पाहिलेत," ट्रूडी म्हणाली. "लाव्होनबाईंना तारे देऊनच जा. पाचपैकी किती ते सांगायला नको ना?"

बावीस बोटं पुन्हा वर आली आणि या वेळी तार्‍यांवर पडली. पाच, पाच, पाच, पाच! व्हर्लिन एकेक तारा मोजत गेला. खातं वाचलं होतं! एक हजार तीनशे चौतीस! कॉर्कीने मात्र जाता जाता शेऱ्याच्या जागी मनातली सगळी मळमळ ओतली: 'कुत्र्याचा स्वेटर. ओझी ब्रँडवोल्डच्या घरचा. सातशेपर्यंत बोली गेली. पूर्णपणे रिकामा.'

व्हर्लिनने पेटीची जाहिरात बदलून किंमत पंधरा डॉलर केली. एकही निरोप आला नाही.

रविवारी दुपारी लाव्होन परतली. अंगावरचा कोट न काढताच तिने खातं उघडलं आणि अशी किंकाळी फोडली, की व्हर्लिन खुर्चीमागे गेला.

"एकशे त्र्याहत्तर स्वेटरांची मागणी! एका दिवसात! अरे, चार तालुक्यांतून! मिशिगनमधूनसुद्धा! व्हर्लिन, तू केलंस तरी काय?"

"मी? काही नाही," व्हर्लिन म्हणाला. आणि हे तो पहिल्यांदाच अंदाजाने बोलला.

"बघ ना, लोक किती गोड लिहितात. 'आतल्यासकट पाठवा.' हा दुसराही तेच म्हणतोय. आणि हा लिहितोय, 'बाहेरचा कसाही चालेल, आतला चांगला हवा.'" लाव्होनने चष्मा वर केला. "आतला म्हणजे काय रे?"

व्हर्लिनच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. खरं सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल. मागण्या रद्द केल्या तर एकशे त्र्याहत्तर तक्रारी. चौतीस वर्षांत त्याने एकाही प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं नव्हतं.

"अस्तर," तो म्हणाला.

"अस्तर!" लाव्होनने टाळी वाजवली. "अकरा वर्षांत मला कसं सुचलं नाही! थंडीत कुत्र्याला अस्तर नको? तळघरातून शिवणयंत्र आण. मी विणते, तू अस्तरं लाव. शुक्रवारच्या आत सगळी पाठवायला हवीत. एकही तक्रार यायला नको हं!"

व्हर्लिनने यंत्राचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि सोमवारी शिवायला बसला. पहिली सहा अस्तरं उलटी लागली. बुधवारपर्यंत हात बसला. मिशिगनला पहिलं पार्सल पोहोचलं, आणि गुरुवारी सकाळी लाव्होनने त्याला तिथल्या ग्राहकाचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला:

"'सगळं अस्तर उसवून पाहिलं. काहीच सापडलं नाही. काय लपवता हो तुम्ही! पाच तारे. आणखी चार पाठवा.'"

"चार!" लाव्होन म्हणाली. "ऐकलंस?"

व्हर्लिनने ऐकलं. त्याने सुईत नवा दोरा ओवला.